'इथे' म्हणजे कुठे?

१

औषधाची बाटली डॉक्टरांच्या टेबलावर उभी होती आणि तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर निळ्या शाईत लिहिलं होतं : '५ मिली, सकाळ-संध्याकाळ'. अक्षर माझ्या बायकोचं होतं. पाचाचं पोट फुगवून त्याची शेपटी ऐटीत वळवायची तिची सवय मी लग्नाआधीपासून ओळखतो, त्यामुळे अक्षर तिचं नाही असं म्हणायची सोयच नव्हती.

"हवं होतं अडीच," डॉक्टर म्हणाले. "बाळाला दुप्पट गेलं. दूध प्यायलासुद्धा उठेना ते. आता शुद्धीवर आहे, धोका टळलाय, म्हणून आपण इतक्या शांतपणे बोलतोय."

माझी बायको या लहान मुलांच्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसते. डॉक्टर केसपेपरवर औषधाचं नाव आणि बाळाचं वजन लिहितात. त्या वजनाला किती मिली द्यायचं हे खिडकीवरचा कॉम्प्युटर सांगतो आणि ती बाटलीवर लिहून देते. इतकी वर्षं ती हेच करते आहे, आणि आजवर तिच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झालेला नव्हता.

"स्क्रीनवर पाच होतं," ती म्हणाली.

डॉक्टर उठले. आम्हाला खिडकीपाशी घेऊन गेले, तिच्याच कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडला, तेच औषध, तेच वजन टाकलं. स्क्रीनवर ठसठशीत अडीच आलं. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा अडीच. तिसऱ्यांदा बायकोला स्वतः करून बघायचं होतं, पण त्यांनी खुर्ची मोकळी करून दिली नाही, आणि त्यांचा राग मला समजला.

तिला घरी बसवण्यात आलं. सोमवारी औषधवाल्यांच्या नोंदणी मंडळाची माणसं येणार होती. त्यांच्यासमोर तिचा परवाना राहणार की जाणार, ते ठरणार होतं.

आता माझी गंमत ऐका. हा मात्रा सांगणारा प्रोग्राम ज्या कंपनीने केला, तिथेच मी नोकरी करतो. प्रोग्राम लिहीत नाही, तेवढी अक्कल मला नाही. तो कसा वापरायचा याची पुस्तिका लिहितो. स्क्रीन खरा तर बायको खोटी, आणि बायको खरी तर माझी कंपनी खोटी. मी पुरता कात्रीत सापडलो होतो.

दवाखान्यातून निघताना ती म्हणाली, "पाचच होतं रे." घराचं कुलूप उघडताना म्हणाली, "पाचच होतं ना?" त्या दिवशी खिडकीवर मी हजर नव्हतो, तरी हे ती मला विचारत होती.

२

मी आत्याला बोलावलं.

आत्या छापखान्यात मुद्रितशोधक होती. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हे तिचं काम. निवृत्त झाली तरी खोड गेलेली नाही. लग्नपत्रिका हातात आली की आधी लाल पेन शोधते आणि मग नवरानवरीची नावं वाचते. 'शोधक' हा शब्द नावामागे लागलेला असल्याचा तिला भारी अभिमान आहे. मला ती लहानपणापासून गोंधळ्या म्हणते, आणि ते नाव मी आजवर इमानेइतबारे सार्थ केलेलं आहे.

"काय झालं ते मला नको सांगू," आत्या बायकोला म्हणाली. "ते सगळेच सांगतायत. तू काय केलंस ते सांग."

"नेहमीसारखंच, आत्या. बाळाच्या नावावर क्लिक केलं. वजन नोंदणीच्या ताईंनी भरलेलंच होतं. औषध निवडलं. पाच आलं. तुम्हाला तरी पटतंय का?"

"पटण्या-न पटण्याचा प्रश्नच नाही. मी अजून वाचतेय."

शनिवारी सकाळी मी आत्याला ऑफिसात घेऊन गेलो. हा प्रोग्राम ज्याने लिहिला त्याला आम्ही सगळे लांबू म्हणतो, कारण तो दारातून येताना मान वाकवून येतो. माणूस सज्जन, पण त्याचं बोलणं मला कधी कळलेलं नाही. त्या दिवशी मात्र तो फारच सोपं करून सांगत होता, आणि तरीही मला कळत नव्हतं.

"हे बघा आत्या, आमचं पॅकेज म्हणजे एक गाठोडं. आम्ही गाठोडंच म्हणतो त्याला. त्यात कोड असतो आणि कोडला लागणाऱ्या फाईली असतात. गाठोडं दवाखान्यात पाठवलं की तिथे सगळं एकदम पोचतं. औषधांचा तक्ता 'मात्रा' नावाच्या फाईलमध्ये आहे. गाठोड्याच्या आत 'वाटा' नावाचं फोल्डर आहे, त्यात ती असते."

"वाटा का?"

"कारण ती फाईल एकट्याची नाही. मात्रा काढणारा भाग, बिल करणारा भाग, साठा बघणारा भाग, सगळ्यांचा तिच्यात वाटा. आता ती बघायची कशी, तर कोड आधी इथे बघतो. इथे नसली तर गाठोड्यातल्या वाटामधून घेतो."

"वाट्यातून," आत्या म्हणाली.

"काय?"

"वाटामधून नव्हे. वाटा, वाट्यातून. सामान्यरूप होतं त्याचं."

"आत्या, ते फोल्डरचं नाव आहे. त्याला कसलं आलंय सामान्यरूप!"

मी मान खाली घातली. बायकोचा परवाना जायची वेळ आणि आत्या व्याकरण शिकवत होती.

"बरं," आत्या म्हणाली, "आधी इथे बघायचं कशासाठी?"

"माझ्या सोयीसाठी. नवा तक्ता तपासून बघायचा तर दरवेळी गाठोडं कुठे सोडत बसू? फाईल इथे ठेवायची, प्रोग्राम तीच उचलतो."

पाच कुठून आलं असेल, हेही त्याने सांगितलं. या औषधाचं आधी पातळ सरबत यायचं. तेव्हा या वजनाच्या बाळाला पाच मिलीच द्यायचे. मग औषध कंपनीने सरबत दुप्पट कडक केलं. मात्रा निम्मी झाली. लांबूने तक्ता बदलला, नवं गाठोडं दवाखान्यात चढवलं, आणि ते झाल्यावरच दवाखान्याने नव्या बाटल्या वापरायला काढल्या.

"मी काल इथून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून बघितलं," तो म्हणाला. "गाठोड्यात अडीचच आहे. फाईलला नंतर कुणी हातही लावलेला नाही."

म्हणजे घटना घडल्यावर कुणी गुपचूप दुरुस्ती केली असेल, हा माझा लाडका संशयही गेला. तेवढ्यात आमचे सर केबिनमधून बाहेर आले. त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला घेतलं.

"तुझ्या घरचं संकट मला समजतं," ते हळू आवाजात म्हणाले. "पण कंपनीचं नाव मध्ये आणू नकोस. पुस्तिका लिहायला दुसरी माणसंही मिळतात. आणि खरं सांगू? पाच हा आकडा त्या कॉम्प्युटरमध्ये आता कुठेच नाही. नसलेला आकडा वहिनींना दिसला कसा, ते त्यांनाच विचार."

३

दुपारी आम्ही दवाखान्यात गेलो. आत्या आधी डॉक्टरांशी बोलली.

"मी फक्त औषध आणि वजन लिहितो," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या सुनेबद्दल मला फार आदर होता. अजूनही आहे. पण बाळाच्या आईच्या डोळ्यांत बघून मी काय सांगू? आमच्या बाईंना स्क्रीनवर भलतंच दिसलं म्हणून?"

"तुमच्या खोलीतही हाच प्रोग्राम आहे ना? तो कसा उघडता तुम्ही?"

"हिरव्या चित्रावर क्लिक करून. आणखी कसा उघडतात?"

मग नोंदणीच्या टेबलावरच्या ताई. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मुलाची फाईल त्या तयार करतात. टेबलावरची पेनंसुद्धा उंचीप्रमाणे लावलेली. बायकोबद्दल बोलताना त्यांचे डोळे भरून आले, पण आपल्या कामाबद्दल विचारल्यावर त्या एकदम ताठ बसल्या.

"मुलांच्या सगळ्या फाईली एकाच फोल्डरमध्ये, नावाप्रमाणे. माझ्या कॉम्प्युटरवरून भरते, तिकडे खिडकीवर आपोआप दिसतात. आणि तुमच्या कंपनीचं काही काम निघालं की फोन मलाच येतो हं! ते सांगतात तस्सं करते मी. एका अक्षराचा फरक नाही. हे सगळं पहिल्यांदा बसवलं, तेव्हा तक्तासुद्धा मीच वाटला."

मला काही उमजेना. चटणी वाटतात, पेढे वाटतात, तक्ता कसला वाटतात? छापून सगळ्यांच्या हातात दिला असेल, असं समजून मी गप्प बसलो. आत्याने मात्र "असं होय?" म्हणून त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं.

त्या दोघी बोलत असताना मी खिडकीवर जाऊन बायकोच्या खुर्चीत बसलो. करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून मुलांच्या नावांची यादी वरखाली करत राहिलो. हल्ली आईबाप मुलांची नावं काय ठेवतील याचा नेम नाही. एका मुलीचं नाव तर चक्क 'मात्रा' होतं. बिचारीला शाळेत काना आणि वेलांटी कोण म्हणून चिडवणार, असं माझ्या मनात आलं. मग मला त्या आजारी बाळाचं नाव दिसलं. मी क्लिक केलं. वजन समोर आलं. औषध निवडलं.

स्क्रीनवर ५ आलं.

मी ओरडलोच. "पाच! डॉक्टर, पाच आलंय! आत्या!"

डॉक्टर धावत आले. मी घाईने उठलो आणि उठताना माझा हात कुठेतरी लागून स्क्रीनवरचं ते पान मिटलं. "थांबा, थांबा," डॉक्टर म्हणाले, "सगळं बंद करून नीट उघडू." त्यांनी हिरव्या चित्रावर क्लिक केलं, औषध निवडलं, वजन टाकलं. अडीच. पुन्हा, अडीच. मी केलं, तेव्हाही अडीच!

डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. ताईंनी पाण्याचा ग्लास आणून दिला. बायकोसाठी नवरा खोटं बोलतोय असं दोघांना वाटत होतं, आणि दोघंही ते माझ्या तोंडावर म्हणत नव्हते. पाणी पिता पिता मलाच वाटू लागलं की पाच मी पाहिलं की पाहावंसं वाटलं म्हणून दिसलं?

आत्या स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती.

४

घरी आलो तर बायको टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती.

"मंडळाला देणार आहे," ती म्हणाली. "चूक माझी, असं लिहून दिलं तर परवाना थोडे दिवस अडकवून ठेवतील. नाही म्हटलं आणि सिद्ध करता आलं नाही, तर कायमचा जाईल. मी खूप विचार केला. स्क्रीनवर पाच नव्हतंच बहुतेक. जुनं सरबत डोक्यात होतं, हाताने पाच लिहिलं आणि डोळ्यांनी त्याला साथ दिली. होतं असं माणसाचं. नाही का?"

"मलाही दिसलं," मी म्हणालो.

"काय?"

"पाच. आज. तुझ्याच खुर्चीत बसून. आणि मग नाहीसं झालं."

तिने पेन खाली ठेवलं. तिचा चेहरा उजळेल अशी माझी कल्पना होती, पण ती एकदम भडकली. "नाहीसं झालं म्हणजे काय? हे काय चाललंय? मी कशीबशी मनाची समजूत घातली होती, आणि तू आता येऊन सांगतोस की दिसलं आणि गेलं! मी वेडी झालेय का आपण दोघंही?"

"दोघंही बसा," आत्या म्हणाली. तिने टेबलावरचं सगळं बाजूला सारलं. एक बशी उपडी ठेवली. "हे ते हिरवं चित्र. आणि हे चमचे म्हणजे मुलांची नावं. सूनबाई, तू रोज काय करतेस? बोलू नकोस. हात दाखव."

बायकोचा हात चमच्याकडे गेला.

"गोंधळ्या, तू आज पहिल्यांदा काय केलंस? पाच दिसलं तेव्हा?"

माझाही हात चमच्याकडे गेला. मग डॉक्टर आले तेव्हाचं मला आठवलं, आणि हात बशीकडे वळला.

"बघ," आत्या म्हणाली. "चमच्याला हात लावला की पाच. बशीला लावला की अडीच. डॉक्टर बशीवाले. तो लांबूसुद्धा बशीवालाच असणार. सगळ्यांनी तपासलं, पण कुणीही सूनबाईच्या हाताने तपासलं नाही."

"पण प्रोग्राम एकच आहे ना, आत्या?" बायको म्हणाली. "नावावर क्लिक केलं तरी तोच उघडतो. फक्त नाव आणि वजन पुन्हा टाकायला लागत नाही, म्हणून मी तसं उघडते. गर्दी असते हो खिडकीवर."

"प्रोग्राम एकच. तक्ताही एकच, असं सगळे सांगतात." आत्याने फोन उचलला आणि लांबूला लावला. आवाज मोठा केला.

"अरे, तू सकाळी म्हणालास, कोड आधी इथे बघतो. 'इथे' म्हणजे कुठे?"

"इथे म्हणजे... इथेच, आत्या. प्रोग्राम जिथे आहे तिथे."

"नक्की?"

पलीकडे कीबोर्डवर बोटं आपटल्याचा आवाज आला.

"नाही," लांबूचा आवाज बारीक झाला होता. "नेहमी नाही. मी उद्या सकाळी दवाखान्यात येतो. तोवर कुणीही त्या कॉम्प्युटरला हात लावू नका, प्लीज."

५

रविवारी दवाखाना बंद असतो. खिडकीपाशी आम्ही सगळे दाटीवाटीने उभे होतो : डॉक्टर, ताई, लांबू, कुणी न बोलावता आलेले आमचे सर, बायको आणि मी. खुर्चीवर अर्थातच आत्या.

"मी आत्ता कुणाला फोन करून म्हटलं, 'मी इथे आहे', तर इथे म्हणजे कुठे?" आत्याने विचारलं. "या दवाखान्यात. माझं घर दुसरीकडे आहे, पण म्हणून 'इथे' म्हणजे माझं घर होत नाही. मी जिथे उभी, ते इथे. हा प्रोग्रामही तसाच आहे. डॉक्टर हिरव्या चित्राने त्याला उठवतात तेव्हा तो स्वतःच्या घरात उभा असतो. तिथे आजूबाजूला काही सापडत नाही, मग तो गाठोड्यात हात घालतो आणि नवा तक्ता काढतो. अडीच. सूनबाई बाळाच्या नावाने त्याला हाक मारते, तेव्हा तो मुलांच्या फोल्डरमध्ये उभा असतो. आणि तिथे आधी इकडेतिकडे बघतो. बरोबर का रे?"

"बरोबर," लांबू म्हणाला. त्याची मान दार नसतानाही वाकलेली होती. "मी गाठोड्यालाच विचारायला हवं होतं, तुझी फाईल कुठे आहे म्हणून. ते मी 'इथे'वर सोडलं."

"पण मुलांच्या फोल्डरमध्ये तक्ता कुठला?" डॉक्टर म्हणाले. "तिथे फक्त मुलं आहेत."

आत्याने यादी खाली सरकवली आणि एका नावावर बोट ठेवलं.

"ही म्हणजे मुलगी नाही?" मी विचारलं.

"नाही रे, गोंधळ्या."

तिने 'मात्रा' उघडली. आत ओळीने औषधं, वजनं, आकडे. आमच्या औषधापुढे पाच. जुना तक्ता, पातळ सरबताच्या काळातला, मुलांच्या नावांत गुपचूप बसून होता.

"मी पण ते नावच समजत होते," बायको पुटपुटली. "ही मुलगी कधी औषधाला येत कशी नाही, असंही एकदा वाटलं होतं."

"हे इथे ठेवलं कुणी?" सरांनी मोठ्याने विचारलं.

"मीच," ताई म्हणाल्या. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "मी सांगितलं ना काल, तक्ता मीच वाटला. यांनीच तर फोनवर सांगितलं होतं."

लांबू त्यांच्याकडे बघतच राहिला. "मी? पहिल्यांदा गाठोडं पाठवलं तेव्हा त्यात मात्रा घालायची राहून गेली होती, म्हणून ती फाईल मी तुम्हाला मेलने पाठवली आणि फोन केला. मी म्हटलं, तक्ता 'वाटा' मध्ये ठेवा."

"हो! तक्ता वाटा, मध्ये ठेवा. लाईन खरखरत होती, म्हणून मी पुन्हा विचारलंसुद्धा, कुणाकुणाला? तर तुम्ही म्हणालात, सगळ्यांनाच लागतो तो. मग मी वाटला. मुलांच्या फोल्डरमध्ये एक, हजेरीच्या एक, पत्रांच्या एक. मध्ये ठेवा म्हणालात, म्हणून प्रत्येकाच्या मध्येच ठेवला."

"आणि मी नंतर विचारलं, चाललं का?" लांबू दगडासारखा उभा होता. "तुम्ही म्हणालात, चाललं."

"चाललंच होतं की!"

आत्याने डोळे मिटून घेतले. "वाट्यात ठेवा," ती हळूच म्हणाली. "'वाट्यात' म्हणाला असतास तर या बाईने कधीच वाटला नसता. पुढच्या गाठोड्यात फाईल आली, पण वाटलेल्या फाईली जागच्या जागी राहिल्या. सरबत बदलेपर्यंत दोन्हीकडे एकच आकडा होता, मग कळणार कुणाला?"

ताईंना आता समजलं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "बाळाला माझ्यामुळे..." एवढंच त्या म्हणू शकल्या. बायको पुढे झाली आणि तिने त्यांचा हात धरला.

सर मात्र हलके झालेले दिसले. "म्हणजे एवढंच ना? एक फाईल जास्तीची. काढून टाकू, विषय संपला." त्यांनी आत्याच्या खांद्यावरून माऊसकडे हात नेला.

मी मध्ये उभा राहिलो. माझ्या स्वभावात हे बसत नाही. सर खोलीत आले की मी सवयीने उठतो.

"हात लावू नका," मी म्हणालो. "उद्या मंडळासमोर ती तिच्या हाताने बाळाचं नाव उघडणार आहे."

"तू कुणाच्या कंपनीत काम करतोस, ते लक्षात आहे ना?"

"आहे. म्हणूनच सांगतोय."

लांबू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि तो उभा राहिला की माणसाला वर बघावं लागतं. सरांनी हात मागे घेतला. डॉक्टरांनी तेवढ्यात मंडळाच्या प्रमुखांना फोन लावला होता. "उद्या नको, आजच या," ते सांगत होते. "आमच्या बाईंची चूक नव्हती. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, ती माझी."

६

मंडळाची माणसं तासाभरात आली आणि त्यांच्यासमोर बायको आपल्या खुर्चीत बसली. तिने बाळाचं नाव उघडलं, औषध निवडलं आणि स्क्रीनवरच्या पाचाकडे बराच वेळ बघत बसली. मग हसली, मग रडली. मी रुमाल शोधत होतो, तो नेहमीप्रमाणे सापडत नव्हता.

"तुझा विश्वास होता?" तिने मला विचारलं. "मला पाच दिसलं यावर? तुला स्वतःला दिसायच्या आधी?"

"मला काही कळतच नव्हतं गं," मी म्हणालो. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण बोललो नाही. "कधी होता, कधी नव्हता."

"माझंही तसंच झालं होतं," ती म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

"आता घरी जा," मंडळाची माणसं सगळं लिहून घेऊन गेल्यावर डॉक्टर मायेने म्हणाले. "झोप काढ. तुझ्यावर आता काही नाही."

ती उठली, पर्स घेतली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"ताई, नव्या बाटल्यांची पेटी आपण त्या बाळासाठीच फोडली होती का?"

"नाही गं. त्याच्या आधीच. आदल्या आठवड्यात."

"म्हणजे मी ते औषध आधी आणखी मुलांना दिलंय. याच खुर्चीतून, याच स्क्रीनवर बघून."

आत्या, जिला सगळं सुचतं, तिलाही हे सुचलं नव्हतं. खरी चूक सापडल्याच्या आनंदात आम्ही सगळे होतो आणि चूक एकदाच झाली असेल असं आम्ही का धरलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

बायको परत खुर्चीत येऊन बसली. ताईंनी भराभर फाईली उघडल्या. त्या औषधाची मुलं निघाली तशी त्या नंबर वाचत गेल्या. डॉक्टरांनी दुसरा फोन ओढला. पहिला नंबर बायकोने लावला. पलीकडे एका बाईचा आवाज आला, निवांत, रविवारचा.

"मी दवाखान्यातून बोलते, औषधाच्या खिडकीवरून. ते सरबत आता देऊ नका. बाळ जागं आहे का? झोपलंय? कधीपासून? नाही, घाबरू नका, पण जरा उठवून बघा ना. हो, आत्ताच. मी फोन धरून आहे."

आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. लांबूने भिंतीला हात टेकला होता. सरसुद्धा हलले नाहीत. फोनमधून दार लोटल्याचा आवाज आला, कुणीतरी बाळाला हाका मारू लागलं, पुन्हा मारू लागलं. बायकोची बोटं फोनच्या वायरीत घट्ट अडकली होती.

मग झोप मोडल्याच्या रागाने फोनमधून भोकाड उठलं, इतकं मोठं की ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"रडू दे," बायको म्हणाली. "छान रडतंय. तरी डॉक्टर आत्ताच बोलतील तुमच्याशी." तिने फोन डॉक्टरांच्या हातात दिला, त्यांच्या हातातला स्वतः घेतला आणि ताईंना म्हणाली, "पुढचा नंबर सांगा."